रवळू घडशाची खोटी पळण

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका. फाटकाशी पुरातत्त्व खात्याने फलक लावलाय त्यावर एक साल आहे, गुरवांच्या घरात दुसरं आहे आणि माझे वडील तिसरंच सांगायचे. तिन्ही सालांत पाऊस पडला आणि तिन्ही सालांत माणसं मेली, एवढं धरून चला.

तुम्ही आता उभे आहात ती कळंबपेठ. दिसतंय का काही? नाही दिसणार. जांभ्याची जोती आहेत, ती दगडी पाणंद आहे, आणि त्या करवंदीखाली एक विहीर आहे, तिच्याजवळ जाऊ नका. नदीकडच्या त्या मोकळ्या जागेला आम्ही रणमाळ म्हणतो. तिथे अजून नांगर लावला तर लोखंड लागतं. आता लावू देत नाहीत नांगर, कारण आता ही बाग आहे. तिकीट काढून आलात ना? मग ऐका नीट.

त्या काळी ही गोमणी नदी अशी निजलेली नव्हती. भरतीच्या पाण्यावर गलबतं थेट पेठेच्या धक्क्याला लागायची. घाटावरून बैलांचे तांडे उतरायचे. इथून सुपारी, काथ्या, मीठ वर जायचं आणि वरून तांबं-पितळ खाली यायचं. पेठेत तांबटांची आळी होती आणि घराघरांत इतकी भांडी होती की सासूच्या मांडणीवर जागा नाही म्हणून सुना वेगळ्या राहिल्या, असं म्हणतात. सासवांचं दुसरंही कारण असेल, पण गोष्टीत भांडीच सांगतात.

या पेठेत रवळू नावाचा घडशी होता. घडशी म्हणजे देवळात वाजवणारा. पावणाईच्या देवळातला मोठा ढोल त्याच्या घराण्याकडे होता. फणसाच्या अखंड खोडातून कोरलेला, एका माणसाच्या कवेत जेमतेम मावणारा. पण रवळूची खरी ख्याती ढोलाची नव्हती, त्याच्या पायांची होती. हा माणूस बसत नसे. पायाला भिंगरी लावूनच जन्माला आलेला. जेवायचा तो उभ्याने, पानाची चंची सोडायची ती चालता चालता. लग्नात भटजींनी त्याला पाटावर बसवलं तर मंत्र संपेपर्यंत पाट चार हात सरकला होता, असं म्हणतात.

अशा माणसाचं लोक काय करतात? हसतात. त्यात रवळूला जरा कुठे खुट्ट झालं की धोका दिसायचा. एका वर्षी तो वाघ आला म्हणाला, वाघ आला नाही. एका वर्षी म्हणाला नदी फुटणार, नदी फुटली नाही. लोक म्हणायचे, रवळूच्या पोटात उंदीर आहे, तो त्याला बसू देत नाही. त्याची बायको लवकर गेली होती. एक मुलगी, सगुणा. तिला नदीमुखाकडच्या गावी दिली होती आणि ती पहिल्या बाळंतपणाला बापाकडे आली होती. या गोष्टीच्या वेळी तिला मुलगी होऊन तीन दिवस झाले होते.

आता आमची एक रीत सांगतो, ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे गावपळण असते. चार-पाच वर्षांतून एकदा पावणाई सांगते की गाव मोकळा करा. मग माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळ्यांनी शीव ओलांडून वरच्या सड्यावर जायचं, म्हणजे तो कातळ दिसतोय तिकडे. खोपी घालून तीन दिवस राहायचं. त्या तीन दिवसांत देवी घराघरांतून फिरते आणि साचलेलं काय असेल ते झाडून काढते. म्हणून दाराला कुलूप घालायचं नाही. आणि गावाकडे वळून बघायचं नाही. देवी पदर खोचून झाडत असताना आपण टकामका बघणं बरं दिसत नाही.

पळण केव्हा, हे कौलाने ठरतं. गुरव ओल्या पाकळ्या देवीच्या अंगाला चिकटवतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. हो आला की घडशी पळणीचा ठोका वाजवतो. तो ठोका एकदा वाजला की कुणी का म्हणून विचारत नाही. चुलीवरचा भात चुलीवर ठेवून माणसं निघतात.

तर एका सकाळी रवळूने ढोलाला ऊन दाखवायला म्हणून तो देवळाच्या अंगणात आडवा न ठेवता उभा ठेवला. शाई वाळली का बघायला त्याने कातड्यावर तांदळाचे चार दाणे टाकले. ही घडशांची जुनी सवय. दाणे कातड्यावर पडले आणि नाचायला लागले. वारा नव्हता, कुणी ढोलाला हात लावला नव्हता. रवळूने कातड्याला कान लावला. जमिनीतून, खूप लांबून, टापा येत होत्या.

त्याने ढोल फिरवून बघितला, पुसून बघितला, दाणे बदलून बघितले. दाणे नाचत घाटाच्या बाजूने नदीकडे सरकत होते. त्याच सुमारास मासे घेऊन आलेल्या बायका सांगत होत्या की नदीच्या मुखाशी परकी गलबतं नांगर टाकून बसलीत, आणि त्यांच्यावर माल नाही, माणसंच आहेत. घाटावरचे कोण आणि गलबतांवरचे कोण, याच्यावर शिकलेले लोक अजून भांडतात. आम्हाला विचाराल तर दोघांनाही हा धक्का हवा होता आणि मध्ये आम्ही होतो.

रवळू धावत नागोजी गावकाराकडे गेला. गावकार म्हणजे गावचा पुढारी. बाजाराचा दिवस होता, नागोजी सुपारीच्या ढिगापाशी उभा होता.

"गावकारानू, तांदूळ नाचतत. घाटावरसून घोडे येतत. गाव भायर काढा."

नागोजी हसला. आजूबाजूचे हसले.

"रवळू, बाजार भरलोहा. गलबतां भरतीची वाट बघतत. आणि तू म्हणतंस पळा? घोडे येतले तर येवंदेत. आमच्याकडसून काय नेतले, सोडणां?"

सोडणं म्हणजे नारळाच्या शेंड्या. बाजारभर तो विनोद फिरला. रवळू आळीआळीत गेला. तांबट म्हणाले, भट्टी पेटलेली आहे. तेली म्हणाला, घाण्यात तीळ आहेत. एक म्हातारी म्हणाली, रवळू, तू एकदा बस आणि पाणी पी, तुला बरं वाटेल. कुणी वाईट नव्हतं हो. पण नुसत्या भीतीने भरलं घर कुणी सोडत नाही. तुम्ही सोडाल?

मग तो देवळात आला. भिका गुरव म्हातारा झालेला, डोळ्यांना कमी दिसायचं. रवळूने त्याला सगळं सांगितलं आणि म्हणाला, कौल लावा. गुरवाने पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. दोघे उभे राहिले. पाकळी पडली ती डावी.

रवळू म्हणाला, परत लावा. परत डावी. तिसऱ्यांदाही डावीच.

"देवी नाय म्हणता, रवळू," गुरव म्हणाला. "मी काय करू?"

देवी असं का म्हणाली हे मला विचारू नका. मी बरीच वर्षं तिला विचारतोय.

खोटी पळण वाजवणाऱ्याला काय शिक्षा, ते पेठेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्याच्या नावाने पाणी नाही, पिंड नाही. मेल्यावर त्याचा जीव गावात येऊ शकत नाही आणि गावाबाहेरही जाऊ शकत नाही, शिवेवर फिरत राहतो. रवळूच्या बापाने ढोल त्याच्या गळ्यात घालताना त्याच्याकडून याच गोष्टीची शपथ घेतली होती. रवळूने देवीकडे बघितलं. मग त्याने ढोलाची काठी उचलली.

गुरव म्हणाला, "रवळू, काय करतंस?"

रवळू अंगणात ढोलापाशी गेला. त्याने पळणीचा ठोका वाजवला. पहिला, दुसरा, आणि मग धडाधड.

बाजार थांबला. नागोजीच्या हातातली सुपारी खाली पडली. घटकेपूर्वी ज्यांना भट्टी सोडवत नव्हती त्यांनी भट्टी सोडली. घाण्याचा बैल जुवाखालून निघाला. बायकांनी मुलं कडेवर घेतली, परड्यात कोंबड्या धरल्या, दारं नुसती लोटली आणि माणसांची रांग पाणंदीने सड्याकडे चालायला लागली. घोड्यांना न भ्यालेलं गाव देवीच्या एका शब्दावर निघालं, आणि तो शब्द देवीचा नव्हताच. हे माहीत असलेला दुसरा माणूस फक्त भिका गुरव. त्याने देवीची काठी, म्हणजे तिचं निशाण, खांद्यावर घेतली आणि मान खाली घालून तोही रांगेत चालू लागला. तो तेव्हा गप्प का राहिला हे त्याने पुढे कधी सांगितलं नाही.

रवळू ठोका वाजवत होता आणि रांग पुढे सरकत होती. शेवटची गुरं शिवेकडे वळली तेव्हा त्याच्या लक्षात आलं आणि त्याचा हात हवेत राहिला.

बाळंतीण पळणीत निघत नाही. बारा दिवस होईपर्यंत तिने शीव ओलांडायची नाही, अशी रीत. पळण असली तरी तिने दार लोटून घरातच राहायचं आणि तिचा उंबरठा देवी स्वतः राखते. शेजारणींनी सगुणाला तीन दिवसांची पेज, तूप, लाकडं आत ठेवून दिली होती, दार लोटलं होतं आणि नमस्कार करून निघून गेल्या होत्या. त्या वर्षी पेठेत बाळंतीण एकटी तीच होती. सगळ्या गावाला बाहेर काढण्याच्या घाईत बाप आपल्या मुलीला विसरला होता. आणि तिचा उंबरठा राखायला देवीही नव्हती, कारण देवीने पळण सांगितलीच नव्हती.

तो धावत घरी गेला. सगुणा बाजेवर बाळाला पाजत होती. त्याने तिला खरं सांगितलं, एका दमात.

"सगळ्या गावाक पळवलंस आणि माकाच हय बसवलंस, बाबा?"

"काठी पडली आणि मगे तू आठवलंस गो," रवळू म्हणाला आणि रडायला लागला. रडतानाही येरझाऱ्या घालत होता.

"चल, मी तुका खांद्यार घेतंय," तो म्हणाला.

"आणि सड्यार सगळे बघतले. म्हणतले, बाळंतीण शीव ओलांडता म्हणजे पळण खोटी. सगळे मागे फिरतले, बाबा, सुपारी उचलूक." सगुणा उठून उभी राहिली. तिला उभं राहवत नव्हतं, पण राहिली. "नदीन जावया."

नदीत तेव्हा भरती होती. भरतीबरोबर ती परकी गलबतं वर येत होती. ओहोटी लागली की ती चिखलात रुतणार आणि मग नदीची एकच बारीक धार उरणार, ती ओलांडली की पलीकडचा काठ. पण ओहोटीला अजून दोन प्रहर होते. आणि तेवढ्यात घाटावरच्या स्वारांची पहिली टोळी घाटवाटेने वेशीबाहेर आली.

रवळूने ढोल गळ्यात घातला आणि वेशीकडे पळाला. त्याने वेशीआडून रणठोका वाजवला. स्वार थबकले. ते म्हणाले, गलबतवाले आपल्या आधी उतरले, पेठ त्यांनी धरली. रवळू तसाच उलटा धावत धक्क्याकडे गेला आणि तिथे वाजवला. गलबतवाले म्हणाले, घाटवाले आपल्या आधी आले, पेठेत फौज आहे. तेही थांबले. दोन प्रहर रवळू वेशीपासून धक्क्यापर्यंत आणि धक्क्यापासून वेशीपर्यंत धावत होता. एकाच वेळी चारी बाजूंनी ढोल ऐकू येत होता, असं म्हणतात. ज्या पायांना गाव हसायचं ते पाय त्या दिवशी जमिनीला लागत नव्हते, असंही म्हणतात.

ओहोटी लागली. गलबतं चिखलात बसली. रवळू सगुणाला घेऊन देवळामागच्या वळणावर आला, तिथून गलबतं दिसत नाहीत. समोर धार होती. सगुणा नदीकाठची पोर, तिला पोहता येत होतं, पण तीन दिवसांचं बाळ हातात घेऊन कोण पोहणार?

रवळूने ढोल खाली ठेवला. कमरेचा कोयता काढला. सात पिढ्यांनी त्या कातड्यावर हात फिरवला होता. त्याने ढोलाच्या एका तोंडाचं कातडं गोल कापून काढलं, आत सगुणाचं जुनेर पसरलं आणि नातीला त्यात ठेवलं. ढोल पाण्यावर सोडला. तो तरंगला. फणसाचं लाकूड ते.

सगुणा पाण्यात उतरली, ढोलाची दोरी धरली आणि मागे वळून म्हणाली, "बाबा, चल."

रवळूने सड्याकडे बघितलं. पेठ गप्प झाली होती. पेठ रिकामी आहे हे एकदा कळलं की स्वार माणसांच्या शोधात सड्यावर जाणार, आणि तिथे सगळा गाव गुरावासरांसकट पाठ करून बसलेला.

"तू हो पुढे," तो म्हणाला. "थोडा वाजवतंय आणि येतंय."

"कित्यावर वाजवतलंस? ढोल मी नेतंय."

"पेठेत भांडी काय कमी हत?" रवळू म्हणाला. सगुणाला त्याने शेवटचं सांगितलेलं ते हे.

आणि मग त्याने भांडी वाजवली. पळणीची रीत, कुलूप कुठेच नाही. रवळू या घरात शिरायचा, हंडा वाजवायचा, मागच्या दाराने त्या घरात, परात वाजवायचा, तिथून तांबटांच्या आळीत, तिथे तर काय, घंगाळं, कळश्या, तपेली, ओळीने मांडलेली. सगळी पेठ घणघणायला लागली. घाटवाल्यांना वाटलं हजार माणसं हत्यारं परजतायत. गलबतवाल्यांना वाटलं दोन हजार. पावलं मागे घेतली दोघांनी.

वर सड्यावर गाव पाठ करून बसला होता. त्यांना ऐकू येत होतं, पण वळून बघायचं नव्हतं. एक बाई कान देऊन ऐकत होती ती एकदम म्हणाली, "ह्यो माझो हंडो!" दुसरी म्हणाली, "आणि ही माझी परात, काठाक चेपलेली!" प्रत्येक बाईला आपलं भांडं ओळखू आलं. देवी माझ्या घरात आली, देवी माझं घर झाडते, असं म्हणून बायकांनी पदर पसरले. खालून घोड्यांची खिंकाळी आली तर म्हणाले, देवीचा घोडा. माणसांची ओरड आली तर म्हणाले, देवी भुतांना हाकलते. तिसऱ्या दिवशी धुराचा वास आला. म्हणाले, देवी केर जाळते. भिका गुरव एकटा कातळावर कपाळ टेकून पडला होता, आणि तो भक्तीने पडलाय असं सगळ्यांना वाटलं.

तीन दिवस रवळू बसला नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, भरतीला, दोन्ही फौजांना धीर धरवेना. गलबतं धक्क्याला आली, स्वार वेशीतून सुटले, आणि पेठ कुणाचीच नाही हे कळायच्या आत ते एकमेकांना भिडले. तिकडे, रणमाळावर. संध्याकाळपर्यंत नदी लाल वाहत होती असं म्हणतात. लढाईत कुणाच्या तरी पलित्याने काथ्याचे ढीग पेटले, काथ्यावरून आग झावळ्यांच्या छपरांवर गेली. धक्का जळला, बाजार जळला. जिंकायला काही उरलं नाही तेव्हा जे जिवंत होते ते आल्या वाटेने निघून गेले. भांड्यांचा आवाज कधी थांबला हे कुणालाच सांगता आलं नाही.

चौथ्या दिवशी गाव खाली उतरला. उतरला आणि पाणंदीच्या तोंडाशीच उभा राहिला. घरं नव्हती. बायका राखेत हात घालून वितळलेलं तांबं बाहेर काढत होत्या. नागोजी गावकार रडत नव्हता, तो ओरडत होता. देवीच्या सांगण्यावरून दारं उघडी ठेवली आणि देवीने हे केलं? देवीने?

तेव्हा भिका गुरवाच्याने राहवेना. तो म्हणाला, देवीला बोल लावू नका. देवी नाही म्हणाली होती. तीन वेळा नाही म्हणाली होती. पळण रवळूने खोटी वाजवली.

मग काय विचारता! ज्याचं घर जळलंय त्याला राग ठेवायला जागा लागते. कुणी म्हणालं, रवळूनेच फौजा आणल्या. कुणी म्हणालं, त्याचं नाव घेऊ नका, त्याच्या नावाने पाणी सोडू नका, फिरू दे त्याला शिवेवर जन्मभर आणि जन्मानंतर. नागोजीने तसा निवाडा बोलायला तोंड उघडलं, आणि नदीकडून सगुणा आली. ओली, पाय ओढत. डोक्यावर एका तोंडाचा ढोल आणि ढोलात बाळ.

तिने सगळं बोलणं ऐकलं होतं. तिने ढोल नागोजीच्या पायाशी ठेवला.

"गावकारानू, ह्या गावातला कोण कमी हा ता बघा."

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. आळीआळीने बघितलं. म्हातारी होती, तेली होता, तेल्याचा बैल होता. तांबटांची पोरं होती. कुत्रीसुद्धा होती. सगळं गाव राखेत उभं होतं, आणि उभं होतं. एक रवळू नव्हता.

"माझो बापूस खोटा बोललो," सगुणा म्हणाली. "त्येका काय शिक्षा ती द्या. पण ती देऊक तुमी जिते आसात, ह्या इसरू नका."

मग ती म्हातारी, जिने रवळूला बस आणि पाणी पी म्हटलं होतं, ती मोठ्याने रडली. नागोजी गुरवाला म्हणाला, कौल लाव. देवीलाच विचार, रवळूला माफी आहे की नाही.

देऊळ जळालं होतं, पण देवी होती तशीच होती, काळी पडलेली. गुरवाने पाकळ्या लावल्या. सगळा गाव श्वास धरून उभा राहिला. उजवी पडेना. डावी पडेना. ऊन चढलं, ऊन उतरलं, पाकळ्या वाळल्या, तरी जागच्या हलल्या नाहीत. देवी हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती.

शेवटी नागोजी बोलला. आयुष्यात तो माणूस एवढं एकच शहाणपणाचं बोलला असेल, पण बोलला. तो म्हणाला, देवी सांगत नाही तर आम्ही सांगतो. पळण खोटी कशी? गाव गेला की नाही? तीन दिवस राहिला की नाही? आजपासून दर वर्षी याच तिथीला पळण होईल, कौल न लावता. ज्याने ती वाजवली त्याचं खोटं आम्ही दर वर्षी खरं करू. पुरेशा वर्षांनी ते खरं होईल.

रवळू कुठे मिळाला नाही. कुणी म्हणतं नदीत गेला, कुणी म्हणतं आगीत. गाव पुन्हा इथे वसला नाही. पलीकडच्या काठावर नवी घरं बांधली, ज्या काठाला ढोल लागला तिथे. इथे कुणाला राहवेना, कारण निजायला पाठ टेकली की पाय आपोआप हलायचे, असं म्हणतात. मग रान माजलं, मग पुष्कळ वर्षांनी खात्याचे लोक आले, त्यांनी जोती मोकळी केली, कुंपण घातलं, झाडं लावली आणि जागोजाग बाकडी ठेवली. पर्यटक बसतात बाकड्यांवर. बसू देत. आमच्यातलं कुणी बसत नाही. मीही बघा, तासभर उभा राहूनच सांगतोय.

आणि दर वर्षी पौषात, त्या तिथीला, आम्ही सगळे घरं सोडतो. दारं लोटतो, कुलूप घालत नाही. आता घरात टीव्ही आहे, फ्रीज आहे, कपाटात सोनं आहे. तरुण पोरं कुरकुरतात. मुंबईचे फोन करून सांगतात की निदान कडी तरी लावा. नाही लावत. अजून एक चमचा गेलेला नाही, आणि गेला तरी जाऊ दे. देवळात त्या दिवशी पाकळ्या लावतात, पण विचारत काही नाहीत. त्या पाकळ्या त्या एका दिवशी पडत नाहीत. मी स्वतः बघितलंय. माझे वडीलही बघत मेले. कौल अजून लागायचा आहे.

रीत फक्त एका जागी बदलली, ती सगुणाने बदलून घेतली. आमच्या पळणीत देवीची काठी मागून जाते, गावकार मागून जातो, गुरव मागून जातो. सगळ्यांच्या पुढे बाळंतीण जाते. ती शीव ओलांडेपर्यंत दुसऱ्या कुणी पाऊल उचलायचं नाही. कधी डोलीत नेतात. गेल्या वर्षी संतोष मेस्त्रीची सून ग्रामीण रुग्णालयात होती, चार दिवसांची ओली बाळंतीण. डॉक्टर सोडेनात. सगळा गाव आपापल्या दारात भाकऱ्या बांधून उभा राहिला. दुपार झाली, पोरं रडायला लागली, गुरं सुटायला लागली. पण कुणी हललं नाही. शेवटी डॉक्टरीणबाई स्वतः रुग्णवाहिकेत बसून तिला आणि बाळाला घेऊन आल्या. गाडी शिवेपलीकडे जाऊन थांबली, आतून बाळ रडल्याचं ऐकू आलं, आणि मग आम्ही निघालो.